एका स्विचचे बारा आठवडे

पॅकिंग लाइनच्या पॅनेलमध्ये नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारा, प्लॅस्टिकचा एक पाच पोर्टचा, म्हणजे केबलच्या पाच भोकांचा, स्विच होता. ऑफिसात टेबलाखाली धूळ खात पडलेला असतो ना, तसलाच. तो कोणी लावला, कधी लावला, कोणाला विचारून लावला, याची कुठेच नोंद नव्हती. पॅनेलच्या दारामागे केबल टायने लटकवलेला, त्याचा अडॅप्टर सर्व्हिस सॉकेटमध्ये खुपसलेला आणि तो निसटू नये म्हणून वरून काळी टेप. पाचही पोर्ट भरल्यावर कोणीतरी त्यालाच तसलाच आणखी एक स्विच जोडून मोकळं झालेलं.

४ मार्चला दुपारी दोनच्या सुमारास एचएमआयवर, म्हणजे लाइन चालवायच्या पडद्यावर, आकड्यांच्या जागी नुसत्या फुल्या दिसू लागल्या. लाइनचा कंट्रोलर, म्हणजे पीएलसी, चालू, मोटर फिरवणारे ड्राइव्ह चालू, पण कोणी कोणाशी बोलेना. अडॅप्टर काढून परत लावला आणि सगळं सुरळीत. त्या आठवड्यात असं तीनदा झालं, आणि तिन्ही वेळा दुपारीच. शेवटी मी पॅनेलमध्ये थर्मामीटर ठेवून दार लावलं. तासाभराने उघडलं तर ५२ अंश. ऑफिसमध्ये वापरायचे असे बरेचसे स्विच ४० अंशांपर्यंतच चालवायचे असतात. बिचाऱ्याने इतके दिवस कसे काढले, हेच नवल.

मी मेंटेनन्समध्ये इन्स्ट्रुमेंटेशन बघते. सेन्सरच्या चार ते वीस मिलिअँप सिग्नलची लूप डोळे मिटून तपासेन, पण नेटवर्कचं नाव निघालं की आजवर मी 'ते आयटीवाल्यांचं' म्हणून बाजूला व्हायची. आयटीवाले म्हणाले, पॅनेलच्या आतलं ते तुमचं. इलेक्ट्रिकलवाले म्हणाले, चोवीस व्होल्टच्या सप्लायपासून पुढचं ते तुमचं. म्हणजे दोन्हीकडून ते माझंच निघालं. तुमच्याही गळ्यात हे असंच पडलं असेल, तर माझा हा प्रवास वाचून थोडा तरी धीर येईल.

मोजदाद

पहिले दोन दिवस नुसतं मोजण्यात गेले. एक पीएलसी, एक एचएमआय, तीन ड्राइव्ह, एक वजनकाटा. झाले सहा. एक पोर्ट लॅपटॉपसाठी मोकळा हवा, नाहीतर दर वेळी कोणाची तरी केबल उपटावी लागते. एक पुढच्यासाठी. म्हणजे तांब्याचे आठ पोर्ट. शिवाय कंट्रोल रूमकडे जाणारी लाइन, आणि तिथे मला पहिला धक्का बसला. केबल ट्रेच्या वळणांसकट ते अंतर भरलं जवळपास १४० मीटर. तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर, तीही दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड धरून. मग इतकी वर्षं चालत कसं होतं? शिडी लावून ट्रे तपासली, तर मधल्या जंक्शन बॉक्समध्ये तिसरा प्लॅस्टिकचा स्विच सापडला. तोही टेपमध्ये गुंडाळलेला. तेव्हा ठरलं, कंट्रोल रूमपर्यंत फायबर, म्हणजे काचेच्या तंतूंची केबल, टाकायची. फायबरचा आणखी एक फायदा म्हणजे दोन पॅनेलच्या अर्थिंगमध्ये फरक असला तरी तो केबलच्या शील्डमधून वाहत नाही. काचेतून वीज जाणार कुठून?

मग जागा. उपकरणं अडकवायची रेल नेहमीचीच, ३५ मिलिमीटरची डीन रेल. मी रुंदी मोजली, उंची मोजली आणि वही मिटली. आमचे वायरमन काका शेजारी उभे होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, दार लागेल का?" खोली मोजायची राहिलीच होती. स्विच स्वतः अकरा-बारा सेंटिमीटर खोल, त्याच्या पुढे प्लग, प्लगच्या पुढे केबलचं वळण. फायबरला तर आणखी ऐसपैस वळण लागतं. आमच्याकडे जेमतेम बसत होतं. ज्यांचं पॅनेल उथळ आहे त्यांनी स्विचची तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते आधी बघावं.

सप्लायचा हिशेब सोपा निघाला. पॅनेलमधला एसएमपीएस, म्हणजे सप्लाय देणारा डबा, चोवीस व्होल्ट, १० अँपचा. क्लॅम्प मीटरने चालू लोड बघितला तर ६.२ अँप. असा स्विच साधारण १० वॅट घेतो, म्हणजे अर्ध्या अँपच्याही आत. पोर्टमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा स्विच घेणार असाल, तर मात्र हे गणित पार बदलतं. तिथे एकेका पोर्टला १५ वॅटच्या आसपास धरावे लागतात आणि बऱ्याचदा सप्लायही ४८ व्होल्टचा लागतो.

मॅनेज्ड, म्हणजे आत शिरून सेटिंग करता येणारा, घ्यायचा की अनमॅनेज्ड, म्हणजे नुसता जोडून वापरायचा, यावर आमच्याकडे आठवडाभर खल झाला. माझं मत सांगते. एकाच पॅनेलमध्ये तीन-चार उपकरणं असतील आणि बाहेर कुठे जायचं नसेल, तर अनमॅनेज्ड घ्या आणि सुखात राहा. त्यात विसरायला पासवर्डच नसतो. पण बिघाड शोधायची वेळ येणार असेल, तर कुठल्या पोर्टवर किती पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, खराब आले हे मॅनेज्ड स्विच सांगतो. निव्वळ तेवढ्यासाठी मी मॅनेज्डचा हट्ट धरला. पुढे तो कामी आला.

कागद

११ मार्चला खरेदीची मागणी टाकली. चार दिवसांनी परत. शेरा: "सध्याचा स्विच चालू आहे. बदलण्याचे कारण?" मी तापमानाची नोंद आणि लाइन बंद पडल्याच्या वेळा जोडून पुन्हा पाठवली. पुन्हा परत, या वेळी दरपत्रकांपैकी एकात फायबरचे मॉड्यूल धरलेले नव्हते म्हणून. हा आक्षेप रास्त होता. एसएफपी, म्हणजे फायबर जोडायचं छोटं मॉड्यूल, स्विचसोबत बहुतेक येत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. पॅनेलकडे एक आणि कंट्रोल रूमकडे एक, दोन्ही एकाच जातीचे. मल्टिमोड आणि सिंगलमोड या फायबरच्या दोन जाती. एक मल्टिमोडचं आणि एक सिंगलमोडचं आलं, तर दोन्ही कपाटात ठेवायच्या लायकीचे. माझ्या मागणीत दोन्ही टोकांचे प्रकार आणि फायबरचा प्रकार एकाच ओळीत लिहिले होते, ते बरं झालं.

२९ मार्चला मंजुरी आली. दरम्यान आयटीकडे आयपी पत्त्याचा अर्ज भरायला घेतला. अर्जात एक सक्तीचा रकाना: उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यातच दिलेला ओळख क्रमांक. तो पत्ता उपकरणाच्या अंगावर छापलेला असतो आणि उपकरण यायला अजून पाच आठवडे. मी रकाना रिकामा ठेवला, तर अर्ज अपूर्ण म्हणून परत. "आल्यावर कळवते" असं लिहिलं, तर रकान्यात फक्त बारा अक्षरं चालतात म्हणून परत. शेवटी सही करणाऱ्या साहेबांकडे स्वतः गेले आणि समजावून सांगितलं. तेही हसले. पत्ता राखून ठेवतो, मॅक नंतर भरा, म्हणाले. तोंडी.

आणखी एक कागद होता, बदलाचा अर्ज. पॅनेलमध्ये काय बदलणार, त्यात धोका काय, फसलं तर मागे कसं येणार. मी तो माल आल्यावर भरायला घेतला, ही माझी चूक. सहा सह्या लागतात, त्यांतला एक माणूस हमखास रजेवर असतो. खरेदीची मागणी टाकाल त्याच दिवशी हाही अर्ज सुरू करा.

टेबलावरचे चार दिवस

६ मे रोजी खोकं आलं. आत स्विच, घडी घातलेला एक कागद आणि फोमच्या खाचेत हिरवा टर्मिनल प्लग. तो प्लग मी फोमसकट कचऱ्यात टाकणार होते. काकांनी काढून खिशात ठेवला. सप्लायच्या तारा त्यातच कसायच्या असतात, आणि तो हरवला तर बाहेर तसाच मिळेल याचा भरवसा नाही.

स्विच थेट पॅनेलमध्ये चढवू नका. आधी टेबलावर चालवून बघा. मी चोवीस व्होल्टचा बेंच सप्लाय दिला, लॅपटॉप जोडला, कागदावरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला. काही नाही. लॅपटॉपला त्याच मालिकेतला पत्ता हाताने दिला. तरी काही नाही. केबल बदलली, पोर्ट बदलला, स्विच बंद-चालू केला. दोन तास गेले. मग लक्षात आलं की लॅपटॉपचं वायफाय चालू आहे आणि त्याचीही मालिका १९२.१६८.१ अशीच आहे. लॅपटॉप बिचारा स्विचला हवेत शोधत होता. वायफाय बंद केलं आणि पान उघडलं.

पहिल्यांदा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला. मग प्रत्येक पोर्टला नाव दिलं: पीएलसी, एचएमआय, ड्राइव्ह एक, दोन, तीन. हे चैनीचं वाटतं, पण रात्री तीन वाजता फोनवरून कोणाला काही सांगायचं असेल, तर 'पोर्ट चार'पेक्षा 'ड्राइव्ह दोन' केव्हाही बरं. रिकामा पोर्ट बंद केला. केबल फिरून त्याच स्विचला लागली, म्हणजे लूप झाली, तर ती अडवणारी आरएसटीपी नावाची सोय चालू केली. सगळं मनासारखं झालं, सप्लाय काढला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सप्लाय दिला तर पासवर्ड जुना, नावं गायब, बंद केलेला पोर्ट उघडा. मी 'लागू करा' दाबलं होतं, 'साठवा' दाबलं नव्हतं. बऱ्याच मॅनेज्ड स्विचमध्ये या दोन वेगळ्या गोष्टी असतात. लागू केलेलं वीज असेपर्यंतच टिकतं. टेबलावर कळलं म्हणून हसले. हेच चालू लाइनवर सहा महिन्यांनी, वीज गेल्यावर कळलं असतं तर? सगळं पुन्हा केलं, साठवलं, सप्लाय काढून परत लावला, बघितलं. मग सेटिंगची फाइल लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि तिच्या नावात तारीख घातली.

त्याच टेबलावर एक खोडी केली. बाजूला काढून ठेवलेल्या एका प्लॅस्टिकच्या स्विचला लॅपटॉप जोडला आणि त्याच्याच दोन पोर्टांत एक पॅच कॉर्ड लावली, म्हणजे मुद्दाम लूप. क्षणभर काही नाही. मग सगळे दिवे एका तालात लुकलुकायला लागले, इतक्या वेगाने की जवळजवळ सलग पेटल्यासारखे. एक पॅकेट फिरत फिरत हजारो होतं आणि खऱ्या कामाच्या पॅकेटला जागाच उरत नाही. हीच कॉर्ड नव्या स्विचला लावली तर त्याने दोनपैकी एक पोर्ट अडवला आणि गप्प बसला. पॅनेल आवरताना कोणीतरी लोंबकळणारी कॉर्ड रिकाम्या भोकात खोचतोच. ते दिवे एकदा डोळ्यांनी बघून ठेवा, पुढे कुठेही दिसले तर ओळखाल.

रविवार, १९ मे

शटडाउन मिळाला सकाळी आठ ते दुपारी दोन. सहा तास म्हणजे भरपूर, असं वाटलं होतं. परमिट, म्हणजे कामाचा परवाना, हातात यायलाच पावणेनऊ झाले.

मेन आयसोलेटर, म्हणजे पॅनेलची वीज तोडणारा मुख्य खटका, बंद केला, कुलूप घातलं, माझ्या नावाची पाटी अडकवली, किल्ली खिशात. मग काकांनी आपली नेहमीची रीत केली. मीटर आधी शेजारच्या चालू पॅनेलवर लावून तो चालतो याची खात्री, मग आपल्या पॅनेलवर, मग पुन्हा चालू पॅनेलवर. मेन बसबारवर शून्य. कंट्रोल टर्मिनलवर २४ व्होल्ट.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आयसोलेटर बंद, कुलूप घातलेलं, तरी २४ व्होल्ट. पीएलसीला यूपीएसवरून येणारा वेगळा एसएमपीएस होता आणि तो या आयसोलेटरच्या मागे नव्हताच. ड्रॉइंगमध्ये दाखवलेला होता, पण तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात. चोवीस व्होल्टने माणूस मरत नसला, तरी त्या एसएमपीएसच्या इनपुटला पूर्ण व्होल्टेज होतं. त्याचा एमसीबी शोधून दुसरं कुलूप घालेपर्यंत सव्वानऊ. ही शोधाशोध आदल्या दिवशी करायला हवी होती.

पण त्यातून एक फायदा झाला. बऱ्याच औद्योगिक स्विचना सप्लायच्या दोन वाटा असतात, एक गेली तरी दुसरी सांभाळते. मी दोन्ही वाटा एकाच एसएमपीएसवरून घेणार होते, म्हणजे नावाला दोन. आता एक पॅनेलच्या एसएमपीएसवरून आणि एक यूपीएसवाल्यावरून घेतली, दोन्हींना वेगळे छोटे एमसीबी.

स्विच बसवणं अर्ध्या मिनिटाचं काम. मागची वरची कड रेलवर अडकवायची, खालून आत दाबायचं, टक आवाज आला की झालं. जागा मात्र विचार करून निवडली. पॅनेलच्या खालच्या भागात, कारण गरम हवा वर जाते. ड्राइव्हपासून लांब. वर-खाली पाच-पाच सेंटिमीटर मोकळे, कारण याला पंखा नसतो, अंगावरच्या पन्हाळ्यांतून वर जाणारी हवा हाच त्याचा पंखा. दोन्ही बाजूंना एंड क्लॅम्प लावले, नाहीतर केबलच्या ओढीने तो रेलवर सरकत राहतो. अर्थच्या स्क्रूवरून हिरवी-पिवळी तार सरळ अर्थ बारला नेली, शक्य तितकी आखूड. रेलवर बसला म्हणजे अर्थ झाला, असं धरून चालू नका. रेलखाली रंग असतो.

आता तारा. हे काम मी काकांकडून शिकले, आणि सगळ्या दिवसात मला सर्वांत जास्त आवडलेली दहा मिनिटं तीच. एक चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तार. आधी फेरूल, म्हणजे तारेच्या नंबरची छोटी नळी, ओवायचं, कारण टोकाला पिन लग, म्हणजे धातूची पिन, दाबल्यावर ते जात नाही आणि मग सगळे शिव्या घालतात. आठ मिलिमीटर सोलायचं. बारीक तारा बोटांनी पिळायच्या नाहीत, सरळ ठेवायच्या. पिन लगमध्ये घालताना एकही तार बाहेर राहिलेली चालत नाही. ती शेजारच्या टर्मिनलला टेकली की शॉर्ट. तांब्याचं टोक लगच्या तोंडाशी जरासं डोकावलं पाहिजे. मग क्रिम्पिंगची पक्कड, तीही शेवटपर्यंत दाबायची, अर्धवट दाबली तर ती सोडतच नाही. प्लगमध्ये घालून कसायचं आणि ओढून बघायचं. काका प्रत्येक तार ओढतात. माझ्या सहापैकी एक निघून हातात आली. कातडीवर कसली होती, म्हणजे स्क्रू तांब्याऐवजी प्लॅस्टिकच्या बाहीवर बसला होता.

प्लग अजून स्विचला लावायचा नाही. दोन्ही कुलपं तेवढ्यापुरती काढून सप्लाय द्यायचा, हे दोन छोटे एमसीबी चालू करायचे, मीटरच्या टोकांनी प्लगवर मोजायचं आणि कुलपं पुन्हा घालायची. पहिली वाट, २४.१. दुसरी, उणे २४.१. यूपीएसकडून आलेल्या दोन्ही तारा एकाच रंगाच्या होत्या आणि मी त्या उलट धरल्या होत्या. आमच्या स्विचला उलट्या सप्लायपासून संरक्षण आहे, तो जळला नसता. नुसता एकाच वाटेवर चालत राहिला असता आणि आम्ही मात्र दोन आहेत या भ्रमात.

अलार्मचा एक कोरडा, म्हणजे स्वतःची वीज नसलेला, संपर्क असतो, तोही पीएलसीच्या एका इनपुटला जोडला. एखादी सप्लायची वाट गेली की एचएमआयवर ओळ उमटते. संपर्क बिघाड झाल्यावर उघडतो की मिटतो, हे स्विचच्या कागदावर बघूनच जोडा, अंदाजाने नको. तार तुटली तरी अलार्मच यावा, अशा बेताने आम्ही जोडलं.

साडेअकरा. आता डेटा केबल. जुन्या केबल मोटरच्या केबलसोबत एकाच ट्रंकिंगमध्ये दाटीवाटीने कोंबलेल्या होत्या. त्या बाहेर काढून वेगळ्या वाटेने आणल्या. मोटरची केबल ओलांडायची वेळ आली तिथे काटकोनात. दोन प्लगांच्या खिट्ट्या तुटल्या होत्या, ते कापून नवे लावले. जोड्यांचा पीळ प्लगच्या अगदी तोंडापर्यंत ठेवायचा, अर्ध्या इंचाहून जास्त उलगडायचा नाही. बाकीचे प्लग शाबूत दिसले, म्हणून तसेच ठेवले. हे वाक्य लक्षात ठेवा.

१२:५० ला सप्लाय. सगळे दिवे एकदा लागून विझले, मग मिनिटभर स्विच स्वतःशीच काहीतरी करत बसला. त्या मिनिटात घाबरून सप्लाय काढू नका. मग सप्लायचे दोन्ही दिवे हिरवे, बिघाडाचा लाल दिवा विझला, एकामागून एक पोर्ट जागे झाले. फायबरचा दिवा मात्र लागेना. मॉड्यूल काढून घातलं, तोंडं पुसली. शेवटी कंट्रोल रूमच्या टोकाला दोन तंतूंची अदलाबदल केली आणि दिवा लागला. एकीकडचं पाठवणारं तोंड दुसरीकडच्या घेणाऱ्या तोंडाला भेटलं पाहिजे, आणि आमचं पाठवणारं पाठवणाऱ्यालाच भेटत होतं. फायबरच्या टोकात डोळा घालून उजेड बघायचा मोह होतो. करू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही, आणि डोळ्यांना अपाय मात्र करू शकतो.

१:५० ला परमिट परत केलं. सगळे दिवे हिरवे. फोटो काढला, चार जणांना पाठवला. अंगठे आले.

हिरव्या दिव्याच्या मागे

सोमवारी लाइन भरात आल्यावर सहज म्हणून स्विचचं पान उघडलं. प्रत्येक पोर्टपुढे आलेल्या खराब पॅकेटांचा आकडा असतो, सीआरसी एरर. सगळीकडे शून्य आणि 'ड्राइव्ह दोन'पुढे ३१२. पान ताजं केलं, ३१९. दिवा हिरवाच. लाइन थांबली की आकडा थांबायचा, दोन नंबरची मोटर फिरायला लागली की चढायचा. दिवा फक्त एवढंच सांगतो की पलीकडे कोणीतरी आहे. त्याचं बोलणं नीट ऐकू येतंय की नाही, हे दिव्याला ठाऊक नसतं.

जेवणाच्या सुट्टीत ड्राइव्ह दोन आणि तीनच्या केबल स्विचवर आपसात बदलल्या. एरर केबलच्या मागोमाग दुसऱ्या पोर्टवर गेले. म्हणजे स्विच निर्दोष, दोष केबलकडे किंवा पलीकडच्या ड्राइव्हकडे. केबल टेस्टर लावला तर एक ते आठ, आठही दिवे ओळीने, बरोबर. काका म्हणाले, "केबल चांगली आहे." टेस्टरच तसं म्हणत होता.

मग मी प्लग उजेडात धरून रंग वाचले. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायला किती नीटनेटकं, जोडीशेजारी जोडी! आणि तिथेच घोळ. इथरनेटमध्ये एक आणि दोन ही एक जोडी, पण दुसरी जोडी तीन आणि सहा. म्हणून प्रमाण क्रमात पांढऱ्या-हिरव्यानंतर निळा, मग पांढरा-निळा आणि त्यानंतर हिरवा येतो. आमच्या केबलमध्ये तीनवर हिरव्या जोडीची तार आणि सहावर निळ्या जोडीची. दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात म्हणून बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि पलीकडे वजा होतो. इथे एका सिग्नलच्या दोन तारा दोन वेगवेगळ्या पिळांत, त्यामुळे ड्राइव्हचा गोंगाट सरळ आत. दोन्ही टोकांना हीच चूक असल्याने साध्या टेस्टरला सगळं सरळच दिसत होतं. तो फक्त तार पोचते का ते बघतो, कोण कोणासोबत पिळलंय ते त्याला कळत नाही. रविवारी मी 'शाबूत' म्हणून सोडलेला प्लग तो हाच.

दुरुस्ती दहा मिनिटांची, पण लाइन थांबायची वाट बघण्यात गुरुवार उजाडला. २३ मेला दोन्ही टोकं कापून योग्य क्रमाने केली, आकडे पुसून शून्यावर आणले.

त्याच गुरुवारी वजनकाट्याच्या पोर्टवर दुसरीच भानगड दिसली. तिथे 'हाफ डुप्लेक्स' लिहिलेलं. काट्यात कोणीतरी कधीकाळी १०० फुल, म्हणजे १०० मेगाबिट आणि फुल डुप्लेक्स, असं कायम ठोकून ठेवलं होतं आणि स्विच आपला वेग नि पद्धत ठरवायच्या वाटाघाटीला बसलेला. समोरचा उत्तर देईना, म्हणून स्विचने नियमाप्रमाणे हाफ धरलं. एक एकाच वेळी बोलतो नि ऐकतो, दुसरा आळीपाळीने. चालतं, पण अडखळत. काटाही आपोआपवर टाकला आणि मिटलं. दोन्हीकडे आपोआप किंवा दोन्हीकडे ठोकलेलं, मधलं काही नको.

२७ मेला ड्रॉइंगमध्ये बदल करून घेतले, दोन्ही टोकांना सारखी लेबलं लावली, पॅनेलच्या दाराच्या आतल्या कप्प्यात पोर्टांची यादी ठेवली. सेटिंगची फाइल मेंटेनन्सच्या फोल्डरमध्ये, आणि एक प्रत आयटीकडे. पॅनेलमध्ये दुपारी अजूनही ५० च्या वर जातं. स्विचला ते चालतं, पण पॅनेलच्या फिल्टरचा मी वेगळा अर्ज टाकलाय.

राहिला मॅक पत्ता. तो भरून पाठवला तर अर्ज पुन्हा परत आला, एक अक्षर अवैध म्हणून. बघितलं तर मी शून्याच्या जागी इंग्रजी ओ लिहिला होता, आणि मॅक पत्त्यात एफच्या पुढचं अक्षरच नसतं. या वेळी चूक सर्वस्वी माझी. दुरुस्त करून पाठवलाय. साहेब रजेवर आहेत. 'ड्राइव्ह दोन'पुढचा आकडा आज सकाळीही शून्य होता.